जुन्या मोटारीचा पांढरा धूर : त्याची पारख

शेतकऱ्याच्या दारांत मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मात्र ती मोटार बहुधा नवी नसते. शहरांतील एखाद्या नोकरदारानें दहाबारा वर्षें वापरून विकलेली मारुती ८००, वडिलांच्या वेळेपासून घरांत असलेली महिंद्राची डिझेल जीप, किंवा कोणीं हौसेनें सांभाळलेली पद्मिनी अथवा अॅम्बॅसिडर, अशीच गाडी आपल्याकडे अधिक आढळते. पद्मिनीचें उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबलें आणि मारुती ८०० व अॅम्बॅसिडर या दोन्ही गाड्या २०१४ सालीं निघावयाच्या बंद झाल्या. तेव्हां यांतील कोणतीही घेतली तरी तिचें इंजिन आपल्या तारुण्याचा काळ मागें टाकून आलेलें आहे, हें धरूनच चालावें लागतें. आणि तरीही भाजीचे क्रेट, बियाण्याचीं पोतीं, मुलांची शाळा व रात्रीं अपरात्रीं आजाऱ्याचा दवाखाना हें सर्व तिच्याच भरंवशावर चाललेलें असतें.

अशी गाडी एके दिवशीं मागून पांढरा धूर सोडूं लागते. मालक घाबरतो आणि तालुक्याच्या गांवीं मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री धुराकडे एकवार पाहून म्हणतो, ‘हेड उघडावें लागेल.’ हा सल्ला कित्येक वेळां बरोबर असतो आणि कित्येक वेळां साफ चुकीचा असतो. चुकीचा असला तर एका पिकाच्या नफ्याचा चांगलासा हिस्सा विनाकारण गॅरेजांत जातो. उलटपक्षीं, ‘जुनी गाडी, धूर सोडायचीच’ असें म्हणून जो मालक तशीच गाडी दामटतो, त्याचें सगळें इंजिनच हातचें जाण्याचा संभव असतो. या दोहोंतून सुटका हवी असेल तर मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं मालकानें स्वतः थोडी पारख करावी. तिला हत्यारें फारशीं लागत नाहींत. डोळे, नाक, एक कोरा कागद आणि थोडा धीर एवढें पुरे होतें.

प्रथम हें पाहावें कीं, जें दिसतें तो धूर आहे कीं नुसती वाफ. पेट्रोल काय किंवा डिझेल काय, दोहोंतही कर्ब व हायड्रोजन हीं द्रव्यें असतात, आणि हायड्रोजन जळला कीं त्याचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोल जळलें असतां जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होतें, हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पण हिशेब तसाच आहे. हें पाणी एरवीं अदृश्य वाफेच्या रूपानें निघून जातें. माघाच्या पहांटे सायलेन्सर थंडगार असतो, बाहेरील हवाही थंड असते, म्हणून ती वाफ तेथल्या तेथें थिजून ढगासारखी दिसते व नळीच्या तोंडाशीं पाण्याचे थेंब ठिबकतात. आपल्या तोंडाची वाफ थंडींत जशी दिसते तसाच हा प्रकार. गाडी पांचदहा मिनिटें चालून सायलेन्सर तापला कीं ती नाहींशी होते. अशा गाडीस कांहीं झालेलें नाहीं आणि तिच्या मालकानें पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा.

इंजिन पुरतें तापल्यावरही जो जात नाहीं, किंवा सकाळीं वाफेपेक्षां दाट, डोळ्यांस झोंबणारा असा येतो, तो खरा धूर. काळ्या व निळ्या धुराशीं त्याचा घोटाळा करूं नये. काळा धूर म्हणजे इंधन जास्त व हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं आहेत. टर्बो असलेल्या गाडींत टर्बोचें सील गेलें तरी तसाच निळसर पांढरा लोट निघतो. रंग ओळखण्यास सकाळचें तिरपें ऊन व मागें एखादी गडद भिंत असावी. ढगाळ हवेंत निळा व पांढरा यांतला भेद भल्याभल्यांना कळत नाहीं. दुसरी खूण अशी कीं, पाण्याची वाफ नळींतून निघाल्यावर थोड्याच अंतरावर विरून जाते, तर तेलाचा अथवा न जळलेल्या डिझेलचा धूर बराच वेळ अंगणांत रेंगाळतो.

कोरा कागद क्षणभर नळीपुढें धरून पाहावा. पाण्याचा डाग वाळून नाहींसा होतो, तेलाचा वा डिझेलचा तेलकट राहतो. वासही घ्यावा, परंतु नळीस नाक लावून नव्हे; हातानें हवा आपल्याकडे वारून घ्यावा. आणि ही सारी परीक्षा उघड्यावर करावी. बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो माणसाचा जीव घेतो. वास जर डिझेलचा उग्र व डोळ्यांतून पाणी काढणारा असेल तर दोष इंधनाच्या जळण्यांत आहे. वास गोडसर असेल तर रेडिएटरमधील कूलंट सिलिंडरांत उतरत आहे. रेडिएटरमध्यें नुसतें विहिरीचें पाणी भरणाऱ्यांना मात्र ही गोड वासाची खूण मिळणार नाहीं.

आधीं डिझेल गाडीकडे वळूं, कारण सर्वांत अधिक घोटाळा तेथेंच होतो. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते, डिझेलमध्यें ती नसते. दट्ट्या हवेला इतकी दाबतो कीं, जुन्या जीपींच्या इंजिनांत ती मूळ आकाराच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकी उरते, आणि त्या दाबानेंच ती पांचशें अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेंत नोझल डिझेलची बारीक फवारणी करतो व डिझेल आपोआप पेटतें. पाण्यावर ऑइल इंजिन चालविलेल्या शेतकऱ्यास हें नव्यानें सांगावयास नको. थंडीच्या सकाळीं हँडल मारल्यावर पहिल्या कांहीं धक्क्यांना इंजिन पांढरे गोळे टाकतें, तें त्यानें पाहिलेलें असतेंच. तें पांढरें म्हणजे न पेटलेल्या डिझेलचें धुकें होय. हवा पुरती तापली नाहीं, किंवा फवारा बारीक पडला नाहीं, किंवा फवारा पडण्याची वेळ चुकली, कीं डिझेल जळण्याऐवजीं नुसतें वाफाळून बाहेर पडतें.

निफाड तालुक्यांतील हिंवाळा कसा असतो हें द्राक्षवाल्यांना सांगणें नको. तेथील आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराची जीप डिसेंबरांत सकाळीं सुरू होतांना पांढऱ्या धुराचा लोट सोडी, दोनतीन मिनिटें थडथडे आणि मग सुरळीत चाले. दुपारीं धुराचें नांव नसे. तालुक्यांतील एका मिस्त्रीनें पाणी उतरत असल्याचें निदान करून हेड उतरविलें, नवें गॅस्केट घातलें आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं धूर होता तसाच. अखेरीस निघालें काय, तर चारांपैकीं दोन हीटर प्लग जळून गेले होते. थंड इंजिनांत हवा तापण्यास मदत व्हावी म्हणून बसविलेले हे विजेचे लहान प्लग. त्यांची किंमत हेडच्या कामापुढें कांहींच नाहीं. येथें मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. परंतु ‘धूर केव्हां येतो व केव्हां जातो’ हा एक प्रश्न जरी त्यानें विचारला असता, तरी रेडिएटरचें पाणी मुळींच कमी होत नाहीं ही गोष्ट पुढें आली असती व हेड उतरविण्याचें कारण पडलें नसतें.

हीटर प्लग तपासणें अगदीं सोपें आहे. प्लगांना जोडणारी पट्टी अथवा तारा काढाव्या. बॅटरीच्या धन टोकास बारा व्होल्टचा एक लहान दिवा तारेनें जोडून त्या दिव्याची दुसरी तार एकेका प्लगच्या टोकास लावावी. दिवा लागला तर आंतील तार शाबूत आहे, न लागला तर प्लग गेला. दिवा लागूनही प्लग नीट तापत नसण्याचा संभव थोडा उरतो. शंका असल्यास प्लग बाहेर काढून तपासून घ्यावा. प्लग सगळे चांगले निघाले तर त्यांना वीज पोंचविणारा रिले व फ्यूज पाहावा.

धूर तापल्यावरही टिकला तर नोझलकडे पाहावें लागतें. नोझलच्या टोकाशीं घाण बसली वा आंतील सुई झिजली म्हणजे फवाऱ्याऐवजीं थेंब गळतात. कोणता नोझल दोषी हें ओळखण्याची जुनी युक्ति अशी : इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीची चाकी थोडी सैल करावी. त्या सिलिंडरचें डिझेल तुटल्यानें इंजिन अडखळेल. ज्याची चाकी सैल केली असतां इंजिनाच्या चालींत फरक पडत नाहीं पण धूर मात्र कमी होतो, तो सिलिंडर अपराधी. ही युक्ति जाणत्या मिस्त्रीनेंच करावी आणि ती फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीवर करावी, हें आम्ही निक्षून सांगतों. अलीकडील कॉमन रेल जातीच्या इंजिनांत नळीमध्यें एक हजार वातावरणांहून अधिक दाब असतो. तेथें चाकी सैल केली कीं डिझेलची धार सुईसारखी कातडींत शिरते, जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते. जुन्या पंपाच्या नोझलच्या फवाऱ्यासमोरही बोट धरूं नये.

डिझेल पंप दुरुस्तीस काढून परत बसविल्यानंतर धूर सुरू झाला असेल, तर इतर कांहीं शोधण्यापूर्वीं पंपाचें टायमिंग पाहावें. तें मागें राहिलें असेल तर डिझेल उशिरा पडतें व अर्धवट जळतें. त्याबरोबर गाडीचा जोरही कमी झालेला दिसतो. यांतील कांहींच नसून इंजिन लाखो किलोमीटर चाललेलें असेल, सकाळीं सुरू होण्यास कुरकुरत असेल व कॉम्प्रेशन मोजतां कमी भरत असेल, तर रिंगा व सिलिंडर झिजून हवा पुरेशी दाबली जात नाहीं. तेथें ओव्हरहॉलवांचून गत्यंतर नाहीं. टांकींतील डिझेलमध्यें पाणी शिरल्यानेंही पांढरा धूर येतो. शेतावर पिंपांत डिझेल साठविणाऱ्यांनीं, विशेषतः पावसाळ्यांत, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढून टाकण्याची संवय ठेवावी. पेट्रोलच्या गाडीचेंही थोडें तेंच. आपल्याच उंसापासून व मक्यापासून निघणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें शेंकडा वीसपर्यंत मिसळलेलें असतें, व त्याला पाण्याची फार ओढ आहे. महिनेन् महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या टांकींत पाणी शिरलें तर तें इथेनॉलसह तळाशीं बसतें आणि गाडी सुरू करतांना अडखळते व वाफाळते. अशी टांकी रिकामी करून भरावी.

आतां पाणी सिलिंडरांत उतरण्याचा खरा रोग. पेट्रोल गाडींत इंजिन तापल्यावर सतत पांढरा लोट येत असेल तर बहुधा तोच असतो, आणि डिझेलमध्येंही तो होतोच. इंजिनाच्या ब्लॉकवर हेड बसविलेलें असतें व दोहोंच्या मध्यें गॅस्केट असतें. या पातळ पत्र्याला एका बाजूस जळत्या वायूचा प्रचंड दाब, दुसऱ्या बाजूस थंडाव्याचें पाणी व तिसऱ्या बाजूस तेल, या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवावें लागतें. इंजिन एकदां जरी फाजील तापलें तरी हेड वांकडें होतें व गॅस्केट जागा सोडतें. जुन्या पुष्कळ गाड्यांत ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचें असतें, आणि ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. दोघे एकत्र बांधलेले, एक अधिक फुगणार व दुसरा कमी. तेव्हां वांकणें भाग ॲल्युमिनियमलाच आहे.

आणि इंजिन फाजील तापतें कां, याचें उत्तर आपल्या विहिरींत व बोअरमध्यें आहे. दख्खनच्या काळ्या खडकांतील पुष्कळ पाणी क्षारयुक्त असतें. चुलीवरच्या भांड्याच्या तळाशीं जो पांढरा थर बसतो, तोच थर तें पाणी वर्षानुवर्षें भरल्यानें रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत व इंजिनाच्या पोटांत बसतो. तो उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय नुसत्या पाण्यानें आंतील लोखंड गंजतें तें वेगळेंच. डिस्टिल्ड पाणी व चांगलें कूलंट समभाग भरण्यास होणारा खर्च एका हेडच्या कामाशीं ताडून पाहावा. रेडिएटर गळूं लागला कीं त्यांत हळद टाकण्याची रीत ट्रकवाल्यांत आहे व तिची नक्कल गांवांतही होते. वाटेंत अडलेल्या गाडीस घरापर्यंत आणण्यापुरता तो उपाय एक वेळ चालेल. परंतु जी हळद भोंक बुजविते ती चांगल्या नळ्याही बुजविते, आणि उडालेल्या गॅस्केटवर तर तिचा कांहींच उपयोग नाहीं.

पाणी उतरतें कीं नाहीं हें ठरविण्याची रीत पुढीलप्रमाणें. इंजिन पूर्ण थंड असतां, म्हणजे सकाळीं, पाण्याची पातळी खूण करून ठेवावी व आठ दिवस पाहावी. पातळी घटते, पण खालीं जमिनीवर वा पाइपांच्या सांध्यांवर ओल नाहीं, तर पाणी आंतच जात आहे. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कोणत्याही सबबीवर उघडूं नये. झांकणामुळें आंत दाब राहतो व पाणी शंभर अंशांवरही उकळत नाहीं. सुमारें एक वातावरण जादा दाब असला तर तें एकशें वीस अंशांपर्यंत उकळ्याविना राहतें. झांकण फिरवितांच त्याची वाफ होऊन तें तोंडावर उसळतें. थंड असतांनाच झांकण काढून मग इंजिन सुरू करावें व पाण्यांत पाहावें. आंत अडकलेली थोडी हवा निघून गेल्यावरही बुडबुडे एकसारखे येत राहिले, तर जळलेला वायु पाण्यांत शिरत आहे. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दगडासारखा टणक झाला, तर त्याचाही अर्थ तोच.

मग तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखें झालें असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे, आणि अशी गाडी एक मैलही चालवूं नये, कारण तें मिश्रण बेअरिंगांना वंगण देऊं शकत नाहीं. मात्र तेल भरण्याच्या झांकणाखालींच थोडा पिवळट फेस दिसला व पट्टीवरील तेल स्वच्छ असलें, तर घाबरूं नये. हिंवाळ्यांत रोज मैल अर्धा मैलच फिरणाऱ्या गाडींत वाफ थिजून तसें होतें. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून शेजारीं शेजारीं मांडावे. इतर प्लग तपकिरी असून एकच धुतल्यासारखा चकचकीत निघाला, तर त्या सिलिंडरांत वाफ जात आहे. याउपर खात्री हवी असल्यास चांगल्या गॅरेजमध्यें एक निळें रसायन असतें. रेडिएटरच्या तोंडावरील वायु त्यांतून नेला असतां त्यांत जळलेला वायु असेल तर तें पिवळें होतें. कॉम्प्रेशन मोजतां शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले, तर गॅस्केट त्या दोहोंच्या मधोमध फाटलें आहे असें बहुधा समजावें.

एवढ्या खुणांपैकीं दोनतीन जुळल्या म्हणजे हेड खुशाल उघडूं द्यावें. पण उघडल्यावर नुसतें नवें गॅस्केट घालून बंद करूं देऊं नये. हेडवर सरळ पट्टी ठेवून तें वांकलें आहे कीं काय तें आपल्यासमोर पाहावयास लावावें, वांकलें असल्यास लेथवर फेसिंग करून घ्यावें, चीर तपासून घ्यावी, आणि बोल्ट टॉर्क पान्यानें, कंपनीनें सांगितलेल्या क्रमानें व जोरानें आंवळावे. हातच्या अंदाजानें आंवळलेलें हेड पुन्हां उघडावें लागण्याची भीति असते. आणि गाडी मुळांत तापली कशानें, रेडिएटर चोंदला कीं वॉटर पंप गेला कीं पंखा बंद पडला, हें शोधल्याखेरीज गाडी ताब्यांत घेऊं नये. ही गोष्ट मिस्त्री विसरतात व मालकही विचारीत नाहींत.

ज्याच्या गाडींत पाणी उतरत असल्याचा दाट संशय आहे त्यानें ती रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं एकदम स्टार्टर मारूं नये. रात्रींतून सिलिंडरांत पाणी सांचलें तर दट्ट्याला तें दाबतां येत नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. आधीं प्लग काढून इंजिन फिरवावें, म्हणजे सांचलेलें पाणी बाहेर उडून जाईल. वाटेंत इंजिन तापलें तर तें बंद करून निवूं द्यावें. तापल्या हेडवर विहिरीचें थंड पाणी ओतल्यास त्यास चीर पडते.

एक कारण असें आहे कीं तें फार थोड्यांस सुचतें. पेट्रोलच्या ज्या गाड्यांना ब्रेकचा बूस्टर असतो, त्याचा एक पाइप इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीस जोडलेला असतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचें मागील सील गेलें तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्यें व तेथून इंजिनांत ओढलें जातें, आणि त्याचा दाट पांढरा धूर होतो. रेडिएटरचें पाणी भरलेलें, इंजिनाचें तेल स्वच्छ, चाकांशीं गळती नाहीं आणि ब्रेक ऑइल मात्र दर आठवड्यास उतरतें, अशी लक्षणें दिसलीं तर हेडकडे वळूं नये. बूस्टरचा पाइप काढून आंत ओल आहे का पाहावें, आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणूं नये.

शेवटीं गोठ्याविषयीं एक सूचना. रेडिएटरमधील जुनें कूलंट काढतांना तें अंगणांत, नालींत वा डोणीजवळ सोडण्याची चाल दिसते. बाजारांतील पुष्कळ कूलंटांत इथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड असल्यानें कुत्रीं तें आवडीनें चाटतात व जनावरेंही त्यास तोंड लावतात. थोडक्या प्रमाणांतही तें मूत्रपिंडें निकामी करतें व जनावर दगावतें. तें घट्ट झांकणाच्या डब्यांत धरून, डब्यावर विष असें लिहून, मुलांच्या व जनावरांच्या आवांक्याबाहेर ठेवावें आणि जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे, तेलांत न मिसळतां, वेगळें पोंचतें करावें. जमिनीवर सांडलें असल्यास त्यावर माती टाकून ती माती उचलावी व ती जागा भरपूर पाण्यानें धुवावी, आणि तोंवर गुरें तिकडे सोडूं नयेत.